तेरा ते एकोणीस : आपल्या घरांत नव्यानं आलेली सात वर्षं



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली आणि महिला मंडळात पुन्हा तोच विषय निघाला: वयात आलेल्या मुलांना सांभाळायचं कसं? कुणाचा मुलगा मोबाईल सोडत नाही, कुणाची मुलगी दार लावून बसते, कुणी मंदिरात यायलाच तयार नाही. आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य, "आमच्या वेळी असं नव्हतं बाई."

हे वाक्य खरं आहे. पण आपण समजतो त्या अर्थानं नाही. आमच्या वेळची मुलं गुणी होती आणि आताची बिघडली, असं काही नाही. आपल्या आज्यांच्या वेळी हे वयच घरात नव्हतं. काल परकर-पोलक्यात गजगे खेळणारी पोर आज नऊवारीत चुलीपुढे बसायची. मध्ये काही नसायचं. तेरा ते एकोणीस ही सात वर्षं आपल्या घरांत नवी आहेत. ती कुठून आली, कुणी आणली, हे कळलं तर त्यांचं ओझं वाटणार नाही, असं मला वाटतं. म्हणून आज आमच्या परभणी जिल्ह्याचा आणि आमच्याच घरातल्या बायकांचा थोडा इतिहास सांगते.

आजेसासूबाईंचं तेरावं वर्ष

माझ्या आजेसासूबाईंचं माहेर सेलूचं. १९४३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या लग्न होऊन जिंतूरला आल्या. सेलूहून बैलगाडीनं. माहेरच्या गावावरून रेल्वे जायची. मनमाडपासून हैदराबादकडे जाणारी निजामाची ही मीटर गेज लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या गावांचा कापूस तिच्यावरून बाहेर पडू लागला. कापसाच्या गाठी मुंबईला पोचत होत्या. सेलूच्या मुली मात्र गाडीचा धूर गच्चीवरून पाहत होत्या.

तुम्ही म्हणाल, त्या वेळी शारदा कायदा होता ना? होता. १९२९ साली मंजूर झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला मराठवाडा निजामाच्या संस्थानात, तिथं तो लागू नव्हता. म्हणजे सोलापुरात जे लग्न गुन्हा ठरलं असतं, ते जिंतुरात वाजतगाजत होत होतं.

शाळेचंही तसंच. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मुलगे दुकानापुरतं मोडी आणि सरकारी कागदांपुरतं उर्दू शिकायचे. मुलींना कोण शाळेत धाडणार? १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. आपल्या भाषेसाठी, आपल्या शाळांसाठी लोक उघडपणे एकत्र येऊ लागले ते तेव्हापासून. पण त्याचं फळ गावोगावच्या मुलींच्या पाटीपर्यंत यायला अजून बराच काळ जायचा होता.

आजेसासूबाईंना णमोकार मंत्र, भक्तामर स्तोत्र, आरत्या सगळं पाठ होतं. कानानं ऐकून. पाणी गाळणं, जिवाणी परत विहिरीत सोडणं, धान्य निवडणं, चातुर्मासात कोणती भाजी चालते आणि कोणती नाही, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं. पण भक्तामराचं पुस्तक समोर ठेवलं तर ते उलटं की सुलटं हे त्यांना चित्रावरून कळायचं. बँकेत शेवटपर्यंत अंगठाच केला.

१९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत हे घर काही महिने वऱ्हाडात, वाशिमच्या बाजूला जाऊन राहिलं. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि कडेवर एक मूल, पाठीशी एक. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, मग परतल्या. अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडणं, घर सांभाळणं, पुन्हा घर मांडणं सगळं पाहिलं होतं. माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. तिला मी एकटीला परभणीला पाठवताना तीनदा फोन करते.

पुराणात होतं, घरात नव्हतं

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मुलींना शिकवा, हे आपल्याला बाहेरून कुणी येऊन सांगायची गरजच नव्हती. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन्ही मुलींना जवळ बसवून शिकवल्याचा प्रसंग आहे. ब्राह्मीला अक्षरं, सुंदरीला अंक. मुलग्यांच्या विद्या त्यानंतर. आणि याच ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं दिली, म्हणजे पोट भरायचे मार्ग दिले.

हे पुराण नवव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष जिनसेनांना गुरू मानत असे. त्याच्या राज्यात आपला गोदाकाठही होता. वेरूळची जैन लेणी याच सुमाराची. आमच्या जिंतूरचं जुनं नाव जैनपूर, असं इथं पिढ्यानपिढ्या सांगतात. गावाजवळच्या नेमगिरीवर भगवान नेमिनाथांची मूर्ती आहे आणि लहानशा दगडाच्या टेकूवर उभी असलेली अंतरिक्ष पार्श्वनाथांची. तिथली दारं इतकी ठेंगणी की उंचापुरा माणूसही वाकूनच आत जातो.

आणि नेमिनाथ म्हटलं की राजुल आलीच. वरात दारात आलेली, पण मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून नेमिकुमार माघारी फिरले. राजुलला घरच्यांनी म्हटलं, दुसरं स्थळ पाहू. तिनं ऐकलं नाही. तिनंही दीक्षा घेतली. म्हणजे कोवळ्या वयाच्या मुलीनं स्वतः विचार करून स्वतःचा मार्ग ठरवला, ही गोष्ट आपण शेकडो वर्षं गाण्यांतून गातो आहोत. गाणाऱ्या बायकांना मात्र ती वाचता येत नव्हती आणि स्वतःचं काही ठरवताही येत नव्हतं.

दार उघडलं ते विधवांनी

दार उघडायला सुरुवात झाली ती निजामाच्या हद्दीपलीकडे, सोलापूर आणि मुंबईत. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात 'जैन बोधक' हे पत्र सुरू केलं. मराठीतलं ते आपल्या समाजाचं जुनं पत्र. त्यांची मुलगी कंकुबाई लहान वयात विधवा झाली. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ठिकठिकाणी जैन मुलग्यांसाठी बोर्डिंगं काढली. त्यांची मुलगी मगनबाई, जन्म १८७९. तिच्याही वाट्याला ऐन तारुण्यात वैधव्य आलं.

त्या काळी अशा मुलीचं काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे. स्वयंपाकघराचा एक कोपरा आणि उरलेलं आयुष्य. पण या दोन्ही बापांनी आपल्या मुलींना शिकवलं. पुढे मगनबाईंनी कंकुबाई आणि ललिताबाई यांच्या सोबतीनं श्राविकाश्रमाचं काम उभं केलं. १९३० साली मगनबाई गेल्या, तोवर विधवा आणि परित्यक्ता बायकांना लिहायला-वाचायला, धर्मग्रंथ समजून घ्यायला आणि शिकवून पोट भरायला लावणारी एक वाट तयार झाली होती. सोलापूरच्या श्राविकाश्रमातून पंडिता सुमतिबाई शहा यांनी ती पुढे नेली. तिथं मुलींच्या शाळा आणि वसतिगृहंही आली.

याचा क्रम मी नेहमी मनात घोळवते. आपल्या समाजात बाईला शिकायचा वेळ पहिल्यांदा मिळाला तो तिचं कपाळ पुसलं गेल्यावर. संसार करणारीला सवड नव्हती, कुमारीला वय नव्हतं. उरली ती विधवा. ज्या बायकांचं सगळं संपलं असं लोक म्हणत होते, त्यांनी पाटी हातात घेतली आणि नंतर ती कुमारी मुलींच्या हातात दिली. आज आपली मुलगी दप्तर भिरकावून "आज मूड नाही" म्हणते, त्या दप्तराच्या मागे या बायका उभ्या आहेत.

मुलग्यांसाठी त्याच सुमारास विदर्भात कारंज्याला १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. तो काढणारे देवचंद शहा पुढे समंतभद्र महाराज झाले. मराठवाड्यातली काही घरं मुलग्यांना तिकडे पाठवू लागली. मुलींना तेवढ्या लांब पाठवायची हिंमत आमच्या भागात फार थोड्या घरांनी केली.

सासूबाईंची सातवी

सासूबाईंचा काळ वेगळा. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. गावोगाव मराठी शाळा निघाल्या. सासूबाई सातवीपर्यंत शिकल्या, पहिल्या नंबरात. हायस्कूल दुसऱ्या गावाला, वाटेत ओढा, एसटी नाही. शाळा थांबली. पुढे लग्नापर्यंत चार-पाच वर्षं त्या घरीच होत्या. म्हणजे बघा, सात वर्षांतली काही वर्षं मोकळी झाली, पण त्यांत घालायला काही नव्हतं. शिवण, टिपण, वाट पाहणं.

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. लाल मिलो, सुकडी, रस्त्याची कामं. वाण्याचं घर म्हणून त्यांना खडी फोडायला जावं लागलं नाही, पण उधारीची वही फुगत गेली आणि घरातलं दूध बंद झालं. त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. सासूबाई म्हणतात, "रेडिओवर ऐकलं होतं. मला काय त्याचं? मला हायस्कूल लागत होतं, विद्यापीठ निघालं." पुढल्या वर्षी, अठराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. तेव्हा ते उशिराचं समजलं गेलं. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं अठरा झालं ते १९७८ साली.

माझं सांगायचं तर मी अकरावी-बारावीला रोज एसटीनं जायची. महिन्याचा पास, खिडकीची जागा मिळवायला टाकलेला रुमाल आणि डब्यात सकाळचीच पोळी. पदवी झाली, बाविसाव्या वर्षी लग्न झालं. मला ती सात वर्षं पूर्ण मिळाली. पण नजर माझ्यावर कायम होती. कुठं गेली, कुणाशी बोलली, उशीर का झाला. वय मिळालं होतं, विश्वास अर्धाच मिळाला होता.

आणि आमचं यंदाचं वर्ष

आता माझ्या घरात सतरा वर्षांची लेक आणि तेरा वर्षांचा मुलगा आहे. दुकानाचे हिशेब आणि जीएसटीचं काम मी बघते. थोडी शेती आहे, कापूस आणि तुरीची. वर्ष कसं जातं ते तुम्हाला सांगायला नकोच, तुमचंही तसंच जातं.

आषाढात चातुर्मास लागला आणि लेकीची बारावीही. पहिला तंटा सूर्यास्ताचा. क्लास संध्याकाळी पाच ते सात. पावसाळ्यात निदान पावणेसातपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहालाच सूर्य मावळतो. मग चौविहार कसा पाळायचा? सासूबाई म्हणाल्या, "चार वाजता जेवून जाऊ दे." लेक म्हणाली, "आजी, जेवून बसलं की झोप येते." शेवटी तिनंच तोड काढली. घरून हलकं खाऊन निघायचं आणि क्लास सुरू व्हायच्या आधी डब्यातलं थालीपीठ संपवायचं. तिच्यासोबत बसणाऱ्या इतर जातींच्या दोन मुलीही आता त्याच वेळी खातात. म्हणतात, पोट हलकं राहतं.

भाद्रपदात धाकट्यानं दहा दिवस एकाशन करायचं ठरवलं. पाचव्या दिवशी शाळेत क्रिकेटची मॅच. आम्ही म्हटलं, नको हट्ट करू. त्यानं मॅचही खेळली आणि एकाशनही केलं. पण दशलक्षण संपल्यावर पंधरा दिवस मंदिरात फिरकला नाही. त्याला काही बोलू नका, असं सासूबाईंनीच सगळ्यांना बजावलं. सोळाव्या दिवशी स्वतःहून अभिषेकाला गेला. तेरा वर्षांच्या मुलाला धर्म आपला वाटायला हवा असेल, तर त्याला न जायचीही थोडी मोकळीक लागते.

दिवाळीला निर्वाण लाडू झाला, कापसाची वेचणी सुरू झाली आणि लेकीनं असा प्रश्न विचारला की घर दोन दिवस गप्प होतं. बोंडांत गुलाबी अळी दिसत होती. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा अळीची चिंता मिटली, असं सगळे म्हणत होते. २०१७ ला याच अळीनं महाराष्ट्रातला कापूस खाल्ला. लेक म्हणाली, "आपण पाणी गाळून पितो, रात्री दिवा लावला तर किडे मरतील म्हणून जेवत नाही. आणि शेतात फवारणी करतो. हे कसं?"

सासऱ्यांनी शास्त्रातला भेद सांगितला. संकल्पी हिंसा म्हणजे मारायचं म्हणून मारणं, ती श्रावकाला पूर्ण वर्ज्य. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा संसारात टळत नाही, ती कमीत कमी करायची. लेकीनं ते ऐकलं, आणि मग म्हणाली, "कमीत कमी म्हणजे किती, हे शोधायला हवं ना?" तिनं शोधलंही. डिसेंबरअखेर कापूस उपटून रान मोकळं केलं, फरदड घेतली नाही, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळत नाही आणि तिची साखळी तुटते. कामगंध सापळ्यांवरून पतंग किती आहेत ते मोजायचं आणि गरज असेल तरच फवारायचं, आधी निंबोळी अर्क. यंदा फरदडीच्या चार पैशांवर पाणी सोडून आम्ही डिसेंबरात रान रिकामं केलं. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. घेऊ दे त्यांना फरदड.

जानेवारीत एका रविवारी सगळे नेमगिरीला गेलो. सकाळच्या थंडीत पायऱ्या चढलो. लेक उंच झाली आहे, दारातून आत जाताना तिला माझ्यापेक्षा जास्त वाकावं लागलं. धाकट्याला हसू आवरेना. खाली उतरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्लं, आणि दिवस संपला. असे दिवस लिहून ठेवावेत, नाहीतर वर्षाच्या हिशेबात ते दिसत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चात बारावीची परीक्षा, मग सीईटी. अक्षय्य तृतीयेला आहाराची आठवण म्हणून उसाचा रस झाला आणि त्याच दुपारी तिनं सांगितलं: कृषीची पदवी करायची आहे. परभणीच्या विद्यापीठात मिळालं तर उत्तम. पण गुणांवर अवलंबून आहे. लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, कुठंही लागू शकतं. म्हणजे वसतिगृह.

समाजातून सल्ले आलेच. मेसमध्ये कांदा-बटाटा असणार. शेतीच्या अभ्यासात किडे मारावे लागणार. शिकलेल्या मुलीला आपल्यात तेवढं शिकलेलं स्थळ मिळत नाही. एका नातेवाइकानं तर थेट बायोडेटाच पाठवला. मला खोटं नाही सांगायचं, या बोलण्यांनी मी हलले. मेसचा प्रश्न खरा आहे, स्थळांचाही खरा आहे.

निकाल सासूबाईंनी दिला. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी विद्यापीठ निघालं तेव्हा मला हायस्कूल नव्हतं. आता हिच्यासाठी सगळं आहे आणि आपण दारात आडवं पडायचं का?" मग त्यांनी लेकीला जवळ बसवून विचारलं, "कांदा-बटाट्याचं काय करशील?" ती म्हणाली, "आजी, वरण, पोळी, दही, फळं कुठंही मिळतात. आणि नाही जमलं कधी, तर तुला फोन करून सांगेन. लपवणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "एवढंच हवं होतं."

मैत्रिणींनो, मी हे लिहीत आहे तोवर प्रवेशाची यादी लागलेली नाही. ती कुठं लागेल माहीत नाही. पण ऋषभदेवांनी लेकींना अक्षर आणि अंक दिले आणि लोकांना शेती दिली, या दोन्ही गोष्टी आपण एकाच पुराणात वाचतो. त्या दोन्ही एका मुलीच्या वाट्याला यायला आमच्या घरात १९४३ पासून चार पिढ्या लागल्या.

ही सात वर्षं कटकटीची आहेत, खरं आहे. प्रश्न विचारणारी, उलटून बोलणारी, दार लावून बसणारी. पण आपल्या आज्यांना प्रश्न विचारायला वेळच मिळाला नाही. आज ज्याला आपण त्रास म्हणतो, तो त्या मिळालेल्या वेळाचा आवाज आहे.

एक विनंती. तुमच्या घरात सासूबाई, आजी, कुणी वडीलधारी असेल तर तिला विचारा: तेराव्या वर्षी तुम्ही काय करत होतात? एकोणिसाव्या वर्षी? उत्तर वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. आणि लिहिताना आपल्या मुलीला शेजारी बसवा.

जय जिनेंद्र.